विचारा की ओ! : देव, धर्म, कर्म आणि शेंगाचटणी

गड्डा म्हणजे आपल्या सोलापूरची सिद्धरामेश्वरांची जानेवारीतली जत्रा, ती उठली की आमच्याकडं देवाधर्माचे प्रश्न जास्त येतात, हे दरवर्षीचंच आहे. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं लिहिलंय म्हणून सगळ्यांचीच नावं काढली, फक्त भाग ठेवलाय. पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका. मी काही स्वामी नाही, मौलानाही नाही, वाचलेलं आणि या गावात राहून दिसलेलं सांगतो. पटलं नाही तर लिहा, नाहीतरी लिहिताच.

प्रश्न (सात रस्ता): आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी कोणीतरी टाकतंय की सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, रस्ते वेगळे, मुक्काम एक. मी एकदा नुसतं विचारलं, खरंच का ओ? तर भावोजी चिडले, म्हणाले तू भांडणं लावतोस. आता तुम्हीच सांगा, एकच सांगतात का?

उत्तर: नाही सांगत. भावोजींना माझं नाव सांगा.

मेल्यावर काय होतं एवढा एकच प्रश्न घ्या. इस्लाममध्ये आणि ख्रिश्चनांत जन्म एकच, मग निवाड्याचा दिवस, हिशोब. आपल्याकडं पुनर्जन्म, तो संपला की मोक्ष, पण मोक्ष म्हणजे काय यावर घरातच वाद! शंकराचार्यांचे अद्वैती म्हणतात जीव आणि ब्रह्म मुळात एकच, वेगळेपण हा भ्रम होता तो गेला. मध्वाचार्यांचे लोक म्हणतात छे, जीव वेगळा तो वेगळाच, मोक्षात सुद्धा वेगळा, आणि तिथं पण आनंद कमीजास्त. जैनांचा मुक्त जीव कुठल्या देवात विलीन होत नाही, कारण विलीन व्हायला जग निर्माण करणारा देवच नाही त्यांच्यात, तो विश्वाच्या अगदी वरच्या टोकाला सिद्धशिलेवर आपलं पूर्ण ज्ञान घेऊन स्वतंत्र राहतो. लिंगायतांत माणूस लिंगैक्य होतो, म्हणजे शिवाशी एकरूप, म्हणून जाळत नाहीत, बसवून समाधी देतात. आणि चार्वाकाचं तर सरळ आहे, राख झाली, विषय संपला. आता यातला मुक्काम एक कुठला ते ग्रुपवर विचारा.

मग ही सकाळची मेसेजवाली मंडळी एकदमच चुकीची का? तसंही नाही. वागायचं कसं यावर बरंच जुळतं. बौद्धांचं पंचशील, जैनांची पाच व्रतं आणि बायबलातल्या दहा आज्ञा शेजारी शेजारी मांडून बघा. जीव घेऊ नको, चोरी नको, खोटं नको, परस्त्री-परपुरुष नको, ही चार तिन्हीकडं आहेत. पण मला त्या चारांपेक्षा पुढचं बघायला आवडतं. बौद्धांचं पाचवं शील म्हणजे नशा करू नको, कारण तिथं सगळा भर मन जागं ठेवण्यावर. जैनांचं पाचवं अपरिग्रह, साठवू नको, कारण जिवाला चिकटलेलं सगळं सोडवायचंय. आणि दहा आज्ञांची सुरुवातच माझ्याशिवाय दुसरा देव मानू नको अशी. म्हणजे चार गोष्टींत सख्खे शेजारी आणि जिथं वेगळे होतात तिथं प्रत्येकाला खरी काळजी कशाची आहे ते कळतं. ते पुसून टाकून सगळे एकच म्हणणं म्हणजे कुणाचंच नीट ऐकलं नाही असं होतं.

आणि वेगळं म्हटलं की भांडण लागतं हे कुणी सांगितलं? चार पुतळ्याजवळून आपण रोज जातो. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन, स्वातंत्र्यलढ्यात १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेले चौघं. मेल्यावर काय होतं यावर त्यांचं आधी एकमत झालं असेल असं मला तरी वाटत नाही.

प्रश्न (पूर्व भाग): आमचा नातू मागच्या वर्षी तापानं गेला. लहान होता. दिवसाला आलेल्या एका नातेवाईकानं सगळ्यांसमोर सांगितलं की पूर्वजन्मीचं काहीतरी असणार, आईबापाचं नाहीतर पोराचं. तेव्हापासून सून कोणाशी बोलत नाही, रात्री उठून बसते. मी रोज देवपूजा करणारा माणूस आहे. पण असं खरंच असतं का, मला पण झोप लागत नाही.

उत्तर: काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी जे महत्त्वाचं ते सांगतो. सुनेला एखाद्या चांगल्या डॉक्टरकडं, समुपदेशकाकडं घेऊन जा, सिव्हिलमध्ये पण मानसोपचाराची सोय असते. हे पोथीनं भागण्यातलं नाही.

आता प्रश्नाचं. कर्माचा सिद्धांत आपल्याकडं आहे, हिंदू, जैन, बौद्ध तिघांत आहे, नाही म्हणून चालणार नाही. पण तो कुठं आणि कशासाठी मांडला गेला ते त्या नातेवाईकाला माहीत नसणार. ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदान्ताच्या मूळ ग्रंथात, प्रश्न असा आहे की जगात एक सुखी एक दुःखी, मग देव पक्षपाती आणि निर्दयी म्हणायचा का? त्यावर उत्तर, नाही, देव कर्म बघून देतो. आणि मग पहिलं कर्म कुठून आलं असं कुणी विचारलं तर म्हणतात संसाराला सुरुवातच नाही, अनादि आहे. बघा, हा सगळा युक्तिवाद देवाला आरोपातून सोडवायला केलेला आहे. तो उचलून पोर गेलेल्या आईवर आरोप ठेवायला वापरायचा, हे त्या आचार्यांच्या पण डोक्यात नसेल.

बुद्धाचं तर फार स्पष्ट आहे. सीवक नावाचा एक परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी, त्यांना विचारतो की माणूस जे काही भोगतो ते सगळं पूर्वकर्मानंच, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, तुमचं काय मत? बुद्ध म्हणतात हे म्हणणं चूक आहे, अनुभवाच्या आणि जगाच्या माहितीच्या पलीकडं जाऊन बोलतायत ते. आणि मग कारणं मोजून दाखवतात, पित्त, कफ, वात, तिन्ही एकत्र बिघडणं, ऋतू बदलणं, नीट काळजी न घेतली जाणं, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्माचं फळ. आठातलं एक! ताप हा ताप असतो काका, अडीच हजार वर्षांपूर्वी पण होता.

बायबलात ईयोबाची गोष्ट आहे. चांगला माणूस, पोरंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोडं आली. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसतात, एक शब्द बोलत नाहीत. तिथपर्यंत त्यांचं सगळं बरोबर होतं. मग तोंड उघडतात आणि सुरू, तू काहीतरी पाप केलं असणार, त्याशिवाय असं होत नाही. ईयोब ऐकत नाही, देवाशीच भांडतो. आणि शेवटी देव रागावतो कुणावर तर त्या मित्रांवर, तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत म्हणून. तुमच्या त्या नातेवाईकाला ही गोष्ट ऐकवायला हरकत नाही. मुसलमानांत पण लहान लेकरू गेलं तर त्याच्याकडं पापाचा हिशोबच नाही असं मानतात, वयात येण्याआधी जबाबदारीच लागत नाही.

तुम्ही पूर्व भागातले म्हणजे नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाला असणार. त्याचं आयुष्य सोळाच वर्षांचं ठरलेलं, आणि यम न्यायला आला तेव्हा शंकरानं त्याला मागं लोटलं. म्हणजे ठरलेलं बदलू शकतं असं आपल्याच घरची गोष्ट सांगते. पण ही सुनेला आत्ता सांगू नका, उलटी लागेल, माझ्याच पोराला का नाही असं म्हणेल आणि तिचं बरोबरच असेल. शेजारी बसा नुसतं. त्या मित्रांनी पहिले सात दिवस केलं तेवढंच.

प्रश्न (बाळीवेस): आम्ही लिंगायत. लहानपणापासून ऐकतोय की बसवण्णांनी देवळं नाकारली, शरीर हेच देऊळ, गळ्यातलं इष्टलिंग हाच देव. मग आमच्याच गावात सिद्धरामेश्वरांची एवढी मोठी जत्रा, ६८ लिंगं, त्यांना तैलाभिषेक, काठ्यांची म्हणजे नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता, होम हे कसं? मुलीनं विचारलं, मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर: मुलगी हुशार आहे. हा प्रश्न आठशे वर्षं जुना आहे आणि तो पहिल्यांदा सिद्धरामांनाच विचारला गेला होता, तळ्याच्या काठावर.

परंपरेत गोष्ट अशी आहे. सिद्धराम श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाचे भक्त, तेव्हाच्या सोन्नलगीत म्हणजे आपल्या सोलापुरात येऊन देऊळ बांधलं, लिंगं स्थापली, तळं खोदायला घेतलं, हजारो माणसं कामाला. तिथं अल्लमप्रभू येतात. अल्लमप्रभू म्हणजे शरणांमधला, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या शिवभक्तांमधला, सगळ्यात तिखट माणूस, कुणाला सोडायचा नाही. कामगारांना विचारतात, तुमचा तो वड्डर सिद्धराम कुठाय? वड्डर म्हणजे दगडमाती खोदणारा. आपल्या गुरूला असं बोलल्यावर कामगार खवळतात, दगड मारायला लागतात. मग सिद्धराम येतात आणि दोघांची जुंपते. अल्लमांचं म्हणणं थोडक्यात असं की पुण्य मिळावं म्हणून देवळं बांधतोस, तळी खोदतोस, हे पण बांधून घेणंच आहे, आतलं काय? शेवटी सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला म्हणजे कर्नाटकातल्या बसवकल्याणला जातात, शरणांच्या सभेत, अनुभवमंटपात, आणि बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याकडून इष्टलिंगाची दीक्षा घेतात. हे सगळं ज्या शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात येतं तो पंधराव्या शतकातला, म्हणजे घटनेनंतर दोन-तीनशे वर्षांनी मांडलेला, त्यामुळं शब्द न् शब्द झालं असेल असं समजू नका. पण परंपरेनं स्वतःच्या पोटातला वाद लपवून न ठेवता असा गोष्ट करून ठेवला, हे मला फार आवडतं.

म्हणजे मुलीला सांगा, विसंगती आहे, तुला बरोबर दिसली. बसवण्णांच्या वचनात आहेच की श्रीमंत लोक शिवाला देऊळ बांधतील, मी गरीब काय करणार, माझे पाय खांब, देह देऊळ, डोकं सोन्याचा कळस, आणि स्थावराला म्हणजे एका जागी उभं असलेल्याला नाश आहे, जंगमाला म्हणजे चालत्या-फिरत्याला नाही. आणि सिद्धरामांची स्वतःची वचनं पण आहेत, कपिलसिद्ध मल्लिकार्जुन या नावमुद्रेची, म्हणजे वचनातल्या सहीची. तरी लोकांनी तळं आणि देऊळ सोडलं नाही. का? माझं मत सांगतो, वेगळं वाटलं तर कळवा. तळहातावरचं लिंग हे एकट्याचं असतं, पहाटे आंघोळ करून डाव्या हातावर घेऊन बसलं की घरातलं कोणी मध्ये नाही. पण गावाला एकत्र यायला जागा लागते. सात काठ्या सात मानकऱ्यांच्या, वेगवेगळ्या समाजांच्या, पांढरी बाराबंदी घातली की कोण कुठल्या पेठेचा ते पटकन कळत नाही, आणि संमती कट्ट्यावर जत्रेतल्या लग्नाचं सत्यम सत्यम झालं की अक्षता टाकणाऱ्यांत बरेच जण लिंगायत नसतातच. बरं, लग्न तरी कुणाचं, कुंभाराच्या मुलीचं योगदंडाशी! सिद्धरामांनी, योगी माणसानं, लग्न करणार नाही म्हटलं, तिनं हट्ट सोडला नाही, तेव्हा दंडाशी लग्न लाव म्हणाले. आत बघा म्हणणाऱ्या पंथाची एवढी मोठी वरात निघते, आणि अल्लमप्रभू आज आले तर परत वाद घालतील यात शंका नाही.

लिंगायत वेगळा धर्म की हिंदूंतला पंथ हे पण तुम्ही विचारलंय, ते या पानावर मावणार नाही.

प्रश्न (जुळे सोलापूर): मुलगा पुण्याला आयटीत. दिवाळीत जाहीर केलं की मी नास्तिक झालो, देव नाही, आरतीला उभा राहणार नाही. त्याची आई रडली. आणि जानेवारीत सुट्टी काढून आला, बाराबंदी चढवली आणि दिवसभर काठीबरोबर चालला, अनवाणी. हा ढोंगीपणा नाही का?

उत्तर: वहिनींना सांगा रडू नका, पोरगं चांगल्या संगतीत आहे.

जग कुणी निर्माण केलं नाही हे म्हणायला आपल्याकडं नास्तिक असावंच लागत नाही. सांख्य दर्शनाच्या जुन्या मांडणीत ईश्वराची गरजच लागत नाही. आणि मीमांसक तर यज्ञयाग जन्मभर काटेकोर करणारे, तूप किती, मंत्र कुठला, यात केसाएवढी चूक खपवून न घेणारे लोक, त्यांच्यातले कुमारिल भट्ट म्हणतात सृष्टी करणारा देव सिद्ध होत नाही, ज्याला काही कमी नाही त्यानं जग कशाला करावं आणि दयेनं केलं म्हणावं तर दुःख का घातलं त्यात? देव नाही म्हणून यज्ञ बंद केला का त्यांनी? नाही. करायचं ते वेदानं सांगितलंय म्हणून करायचं. जैन माणूस रोज बस्तीत म्हणजे जैन देवळात जातो, पण तीर्थंकर काही देणार नाहीत हे त्याला पक्कं माहीत असतं, ते गुण आपल्यात यावेत म्हणून जातो.

मानतो की नाही ही पहिली परीक्षा सगळ्या धर्मांत नसते. इस्लाममध्ये असते, कलमा म्हणजे मान्य केल्याची साक्ष आणि तिथूनच सुरुवात. ख्रिश्चनांत पण असते, ३२५ साली नायसियात बिशप लोक बसले आणि काय मानायचं ते शब्दांत पक्कं केलं. तिथं एक म्हणायचं आणि दुसरं करायचं हा प्रश्न खरोखर गंभीर होतो. आपल्याकडं गावाचं केलं की नाही हे आधी बघतात, मनात काय हे नंतर, कधी कधी बघतच नाहीत. तुमचा मुलगा गावाचा आहे हे तो पायानं सांगून गेला. आरतीचं राहिलं तर राहू द्या.

फक्त त्याला पण एक विचारा. कुठला नास्तिक? चार्वाक का? मग फक्त डोळ्याला दिसतं तेवढंच प्रमाण मानावं लागतं, आणि अनुमान सुद्धा भरवशाचं नाही असं म्हणणारे होते त्यांच्यात. त्यांचं लिखाण जवळपास सगळं गेलं, विरोधकांनी खोडायला म्हणून जेवढं लिहून ठेवलं तेवढंच उरलं. चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात माधवाचार्यांनी पहिलंच प्रकरण चार्वाकांचं ठेवलंय, खोडायचंच होतं पण आधी त्यांची बाजू मांडली. तुम्ही दोघांनी जेवायच्या टेबलावर एवढं केलं तरी वहिनी हसतील.

प्रश्न (बुधवार पेठ): आम्ही बौद्ध. मुलगी दहावीला आहे. तिनं विचारलं, आत्मा नाही म्हणतो आपण, मग पुनर्जन्म कुणाचा? विहारात विचारलं तर दोघांनी दोन उत्तरं दिली.

उत्तर: दोन्ही दिली ते बरोबरच केलं, कारण दोन आहेत.

जुनं उत्तर मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथातलं. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन, सागल नगरात, म्हणजे आजच्या सियालकोटला. राजा विचारतो, जो पुन्हा जन्मतो तो तोच का दुसरा? नागसेन म्हणतात तोही नाही, दुसराही नाही. रात्रभर दिवा जळतो, पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. वेगळे दिवे होते का? तेही नाही. एकातून दुसरं चालू राहिलं, मध्ये उचलून नेण्यासारखी वस्तू काही नव्हती.

दुसरं उत्तर बाबासाहेबांचं. १९५७ ला, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरचा त्यांचा ग्रंथ आला, त्यात त्यांनी हा प्रश्न सरळ हातात घेतलाय. शरीर ज्या पृथ्वी, आप, तेज, वायूचं बनलं ते निसर्गात परत जातं आणि पुन्हा नवं घडतं, या अर्थानं पुनर्भव आहे, पण एका माणसाचा आत्मा दुसऱ्या देहात जातो हे नाही. आणि मागच्या जन्मीचं कर्म म्हणून आजची गरिबी, आजची जात, हे त्यांनी अजिबात मान्य केलं नाही, ते का हे तुमच्या घरात मी सांगायची गरज नाही. थायलंड, श्रीलंकेचे भिक्खू यातलं बरंच मान्य करणार नाहीत. मुलीला दोन्ही वाचायला द्या, आणि बुद्धांनी काही प्रश्नांना मुद्दाम उत्तरच दिलं नव्हतं हे पण सांगा, दहावीच्या परीक्षेत मात्र तसं करू नको म्हणावं.

प्रश्न (जोडभावी पेठ): शेजारच्या भाभी दर गुरुवारी दर्ग्यात जातात, आम्हाला पण प्रसाद आणतात. त्यांचा धाकटा दीर म्हणतो हे इस्लाममध्ये बसत नाही. कोण बरोबर?

उत्तर: हा वाद मुसलमानांत जुना आहे. मागायचं फक्त अल्लाकडं, यावर दोघांचं एकमत. भाभींकडचे, बहुतेक बरेलवी पंथाचे, म्हणतात वलीच्या वसिल्यानं, म्हणजे संताच्या मध्यस्थीनं, मागितलं तर चालतं. दीर म्हणतो मध्ये कोणी नको, त्यातून शिर्क, म्हणजे अल्लाच्या जोडीला दुसऱ्याला मानणं, होतो. बाहेरच्यानं पंच होऊ नये यात. प्रसाद खा.

प्रश्न (होटगी रोड): मिस्टरांचे साहेब जैन आहेत, पहिल्यांदाच घरी जेवायला येणार. बटाटा-कांदा चालत नाही हे माहितीय, पण का? आणि शेंगा पण जमिनीतच येतात की, मग शेंगाचटणी चालेल का?

उत्तर: ताई, जमिनीतलं आहे म्हणून नको असं नाही ते. बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा, बीट, ओलं आलं हे अनंतकाय, म्हणजे एकाच देहात अनंत जीव राहतात असं मानतात, आणि उपटलं की झाडही मरतं. शेंगदाणा हे बी आहे, वाळवलेलं, म्हणून तो चालतो. सुंठ आणि वाळलेली हळद पण त्याच कारणानं चालते. वांगं बरेच जण खात नाहीत, बिया फार. मध नको. कोण किती पाळतो ते घराघरावर असतं, आधी फोन करून विचारलेलं बरं, त्यात लाजायचं काही नाही, त्यांना सवय असते.

शेंगाचटणी करा पण लसूण वगळून, जिरं थोडं जास्त घालून, आणि उखळ-मिक्सर आधी स्वच्छ धुऊन घ्या, आपल्याकडच्या भांड्याला लसणाचा वास कायमचा असतो. बाजारची आणू नका, त्यात लसूण असतोच बहुतेक. कडक भाकरी, शेंगाची पातळ आमटी, मूग, काकडी एवढ्यात छान जेवण होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्रीचं बोलावू नका. सूर्य मावळायच्या आत पानं उठली पाहिजेत, म्हणजे या दिवसांत पाच-सव्वापाचला वाढायलाच घ्या, मिस्टरांना ऑफिसातून लवकर निघायला सांगा. साहेबच पाहुणे आहेत, रजा मिळेल. चहात आलं टाकू नका, सवयीनं पडतं हातातून.